धुऱ्यावरची राखण

"तुही नजर कोठी होती वो, मालाबाई?"

"नजर कोठी असनार? इथीच होती."

"इथी होती, त पोट्टी शेततळ्याच्या काठावर कशी गेली?"

"मीच धाडली होती. चप्पल आनाले."

"साडेचार वर्साच्या पोट्टीले? शेततळ्यावर?"

"काठाच्या अलीकडंच होती चप्पल. तू काहून एवढी चिल्लावून राह्यली? आली ना वापस!"

"अन् त्या प्लास्टिकवर पाय सरकला असता त? मानूस वर येत नाई तथून, पोट्टीचं काय घेऊन बसली!"

वैजयंतीनं हातातलं खुरपं कमरेला खोचलं, मालाबाईकडं एकदा नीट पाहिलं, आणि हळदीच्या वावरात निंदायला परत गेली. सोळा बायांच्या टोळीची ती म्होरकी. एकदा पाहिलं की पुढचं बोलायची तिला गरज पडत नसे.

मालाबाई साफ खोटं बोलली होती. आमूला कुणी कुठं धाडलं नव्हतं. सगळ्या लेकरांना तिनं बाभळीखाली फडक्यावर बसवलं, डब्यातली भाकर वाटली, चटणी मागणाऱ्या हरीओमकडं क्षणभर वळली, आणि मान परत फिरवते तोवर आमूच्या जागी नुसती चतकोर भाकर. हाक मारली तर वैजयंतीला कळेल म्हणून तिनं हाकही मारली नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी लंगडत ती शेततळ्याकडं धावली, तर पोरगी काठावर उकिडवी बसून पाण्यातल्या ढगात खडे मारून राह्यलेली. मालाबाईनं मागून तिचा दंड धरला आणि ओढत आणली. तेवढंच वैजयंतीनं पाहिलं.

विजयमाला असं तिचं पूर्ण नाव, पण ते आधार कार्डावर. शेलूबाजारपासून चार कोसांवरच्या त्या गावात ती मालाबाई. तिच्या टोळीची एक रीत होती. निंदणाला गेलं की दरेक बाईनं एक पात धरायची, म्हणजे वावराचा एक पट्टा या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, बांधापासून बांधापर्यंत, निंदत न्यायचा. पण सोळांतली एक बाई निंदत नसे. ती धुऱ्यावर सगळ्यांची लेकरं राखायची, आणि तिच्या वाट्याची पात बाकीच्या पंधरा जणी वाटून घ्यायच्या. मजुरी सगळ्यांना सारखी. मालाबाईचे गुडघे गेले, तेव्हापासून ती राखण तिच्याकडं होती. अकरा हंगाम झाले. इतक्या वर्षांत एकही लेकरू हरवलं नाही, पडलं नाही, एकालाही इंगळी चावली नाही. बसल्या मजुरीला कोणी नाव ठेवू नये म्हणून ती टोळीला हे ऐकवायची, आणि लेकरं मोजत राहायची. ओठ हलायचे. एक, दोन, तीन... नऊ. पुन्हा एक.

आमू आली आणि नवाची आठ व्हायला लागली.

आम्रपाली तिचं नाव. करुणाची पोरगी. करुणा टोळीतली सगळ्यांत चपळ बाई, तिची पात सगळ्यांच्या आधी धुऱ्याला लागायची. नवरा धम्मरत्न दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर जायचा, कधी या मालकाकडं, कधी त्या. सासूला दिसायचं बंद झालेलं. पोरीला घरी कोणापाशी ठेवायची? अंगणवाडीत दोनदा बसवली, दोन्ही वेळा तासाभरात ती रस्त्यावर सापडली. म्हणून करुणा तिला वावरात आणायची.

मालाबाईनं आगाव पोट्टे काय कमी पाहिले होते? हा हरीओमच घ्या. लोकाच्या डब्यात हात, सरड्याच्या मागं पळणं, पोरींच्या वेण्या ओढणं. पण हरीओम खोडी करायच्या आधी मालाबाईकडं पाहून घेत असे. एकदा बापाबरोबर असताना शेततळ्याच्या प्लास्टिकवरून त्याचा पाय घसरला, बापानं ओढून काढला, तेव्हापासून तो त्या बाजूला तोंड करत नव्हता. नव्या माणसासमोर पदराआड लपायचा. गोष्ट सांगायला घेतली की राक्षस मरेपर्यंत हलायचा नाही.

आमू कोणाकडं पाहायची नाही. गोष्टीतला राजा घोड्यावर बसायच्या आत ही उठलेली. "आमू, पानी आन बाई," म्हटलं की आनंदानं पळायची, अर्ध्या वाटेत पाखराचं पीस दिसलं की पीस घेऊन परत यायची, आणि पाणी? कोणतं पाणी? झोक्याची पाळी यायची वाट पाहणं तिला जमत नसे, बसलेल्या पोरीला ढकलून बसायची, आणि ती पोरगी रडली की हीच तिच्या गळ्यात पडून तिच्यापेक्षा जोरात रडायची. गुडघा फुटून रक्त नडगीवर आलं तरी पळणं चालूच. दुपारी बाकीची आठही लेकरं झोपायची, ही बाभळीच्या खोडाभोवती फिरायची आणि तोंडानं अखंड बोलत राहायची. चारदा हाक मारली तर ओ नाही. मालाबाईला वाटलं, कानात काही बिघाड आहे. पण पार सडकेवर कुल्फीवाल्यानं भोंगा वाजवला की सगळ्यांच्या आधी आमू उभी!

"मुद्दाम करते," असं मालाबाईनं ठरवून टाकलं होतं, कारण हीच पोरगी मुंगळ्यांच्या बिळापाशी अर्धा अर्धा तास बसू शकत असे. तिथं बसता येतं, मंग भाकरीपाशी काहून येत नाई? आगाऊपना. दुसरं काय!

असं म्हणणं सोपं होतं. कारण पोरीत काही वेगळं आहे असं बोलून दाखवायचं, तर ती कितीदा निसटली तेही सांगावं लागलं असतं. शेततळं ही काही पहिली वेळ नव्हती. दिवाळीच्या आधीच्या तोडणीपासून हे चाललं होतं. दोनदा सडकेपर्यंत, दोनदा शेजारच्या वावरातल्या विहिरीपर्यंत, एकदा तर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाखाली. दर वेळी मालाबाईनं गुपचूप आणली आणि वर "माह्यापाशीच होती" असं सांगितलं. टोळीला कळलं की बुढीच्यानं लेकरं आवरत नाहीत, तर राखण जाईल. राखण गेली तर पात धरावी लागेल. आणि पात धरायला गुडघे कुठून आणायचे?

शेततळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमू शांत होती.

मालक रामरावच्या त्याच हळदीत काम होतं. आटोतून उतरतानाच पोरगी करुणाच्या खांद्यावर झोपलेली. फडक्यावर टाकली तशी पडून राहिली. दुपारपर्यंत झोप, मग डोळे उघडून नुसती बसली, हातात दिलेलं बिस्कीट हातातच.

"वा वो मालाबाई," सुगराबी पाणी प्यायला आली तेव्हा म्हणाली. टोळीत टिंगल करायचं काम तिचं. "कोनतं मंतर मारलं? माह्या नवऱ्यावर बी मार ना एकदा."

मालाबाई हसली. तिला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगा. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिनं बाभळीला पाठ टेकून पाय लांब केले. दुसरा दिवसही तसाच गेला. लेकरं नऊच्या नऊ.

तिसऱ्या दिवशी आमूच्या ओठावर माश्या बसल्या होत्या आणि पोरगी त्या हाकलत नव्हती. मालाबाईनं माश्या उडवल्या. परत बसल्या. तिनं पोरीचा हात उचलला, सोडला. हात बदकन पडला. "आमे," तिनं हाक मारली. गालावर चापटी मारली. आमूनं डोळे अर्धे उघडले, बुबुळं वर गेलेली, आणि पुन्हा मिटले. तोंडाला गोडसर वास येत होता. मालाबाईनं नाक जवळ नेलं. हा वास तिच्या ओळखीचा होता. नातवाला सर्दी झाली की देतात त्या औषधाचा.

ती उठली, आणि अकरा वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. लेकरं सोडून हळदीत शिरली.

"करुने! काय पाजलं पोट्टीले?"

करुणाचा हात थांबला. "काई नाई. सर्दी होती."

"नाक कोरडं हाय तिचं. खरं सांग."

"एक झाकन," करुणा म्हणाली. मग मान खाली घालून, "आज दोन. मेडिकलवाल्यानं सर्दीचं देल्लं होतं, तेच."

"कायले?"

"कायले म्हन्ता, मावशी?" करुणा ताडकन उभी राहिली. "त्या शेततळ्याच्या दिवशी वैजूताईनं आटोत मले सांगतलं, पोट्टी आवरत नसन त आनू नको. मी कोठी ठेवू तिले? खुंट्याले बांधू? बांधून बी पाह्यली, वढनीनं खाटीले. खाट वढत दारात आनली तिनं! मी कामाले नाई आली त खाऊ काय?" तिनं खुरपं मातीत रोवलं. "झोपली त झोपली. तुमाले बी आराम झाला ना?"

हे शेवटचं मालाबाईला झोंबलं. खरं होतं म्हणून जास्त झोंबलं.

बाया बाभळीखाली पोरीभोवती जमल्या. कोणी म्हणालं, आमी बी देतो कधी कधी, प्रवासात. कोणी म्हणालं, पोरीले दृष्ट लागली. वैजयंती मागून आली, पोरीचा चेहरा पाहिला आणि पहिल्यांदा आटोवाल्याला फोन लावला. मग म्हणाली, "पन मालाबाई, पोट्टी तुह्यापाशी त नीट राहे. तूच म्हने ना, माह्यापाशीच असते. मंग औषधाची पाळी काहून आली?"

आता आली का पंचाईत! मालाबाईनं पंधरा तोंडांकडं पाहिलं. खुरप्यांची टोकं तिच्याकडं.

"खोटं बोलली मी," ती म्हणाली. "चप्पल आनाले नोती धाडली. पयाली होती ती. ह्या साली सहाव्यांदा. विहिरीपाशी दोनदा गेली. मी सांगतलं नाई तुमाले."

विहीर म्हटल्यावर करुणानं पोरीला ओढून मांडीवर घेतलं.

"सहा!" वैजयंती म्हणाली. "अन् आमी तुही पात निंदतो. कायच्यासाठी?"

"तेच. म्हनूनच नाई सांगतलं."

"तुह्यानं होत नाई असं म्हनाचं होतं मंग!"

"बाकी आठ होतात माह्यानं!" मालाबाई उसळली. "अकरा वर्सं झाली, शंभराच्या वर पोट्टे राखले म्या. आगाव, रडके, चोट्टे, सारे पाह्यले. हे तसं नोहे, वैजू. ह्या पोट्टीले थांबताच येत नाई. तिले थांबाचं असते, मी पाह्यलं ना, ती थांबाचं पाह्यते, अन् तिचे पायच आयकत नाईत. हिले मारून नाई होनार, झोपवून नाई होनार. डाक्टरले दाखवा लागते."

"पयते त डाक्टर काय करन?" सुगराबी म्हणाली, पण या वेळी टिंगलीत नाही.

आटो आला. करुणा पोरीला घेऊन चढली. मालाबाईकडं कोणी पाहिलं नाही, तरी बाकीची आठ लेकरं सुगराबीच्या हवाली करून तीही चढली.

गावच्या दवाखान्यात नर्सबाईनं आमूला संध्याकाळपर्यंत समोर झोपवून ठेवलं, करुणाला झाप झाप झापलं आणि वाशीमला जिल्ह्याच्या दवाखान्यात लेकरांच्या डॉक्टरला दाखवायची चिठ्ठी दिली. चार दिवसांनी दोघी पोरीला घेऊन निघाल्या. शेलूबाजारपर्यंत जीप, पुढं एसटी. जीपमध्ये आमूनं शेजारच्या म्हाताऱ्याचा चष्मा काढला, खिडकीतून अर्धी बाहेर गेली, पुढच्या बाईच्या पिशवीतली गवार मोडून ठेवली. औषध उतरलं होतं ते सगळ्या जीपला कळलं.

दवाखान्यात रांग होती. तासभर मालाबाई बसली असेल तर शपथ. आमूनं नळ सोडला. वजनकाट्यावर चढून नाचली. एका खोलीत शिरली, तिथून हाकलली, दुसरीत शिरली. एक बाई करुणाला ऐकू जाईल असं बोलली, "वयनच नाई लावलं पोट्टीले मायनं." करुणानं हात उगारला. मालाबाईनं तो वरच्या वर धरला. "इथी नको. डाक्टरले पाहू दे कशी हाय ते."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, भराभर बोलायच्या. औषधाचं ऐकलं तेव्हा पेन खाली ठेवलं. "झोप येते म्हणून सर्दीचं औषध पाजायचं नाही. कधीच नाही. श्वास अडकला असता तर?" मग त्यांनी विचारलं, "घरी कशी असते?"

"घरी..." करुणा म्हणाली. सकाळी सहाला स्वयंपाक, सातला आटो, परत यायला दिवस बुडायचा. आपली पोरगी आपण जागेपणी किती पाहतो, हे ती बहुतेक तेव्हाच मोजत होती. "पयते," ती म्हणाली.

"अंगणवाडीत?"

"राह्यलीच नाई तिथी."

"मग दिवसभर तिच्याबरोबर कोण असतं?"

"मी," मालाबाई म्हणाली.

आणि मग ती बोलत सुटली. पीस, पाणी, झोका, कुल्फीचा भोंगा, फुटलेला गुडघा, सगळं. डॉक्टरीणबाई लिहीत होत्या, मधेच अडवत होत्या. हे किती महिन्यांपासून? तिच्याएवढी दुसरी लेकरं किती वेळ बसतात? मालाबाईला घड्याळातलं सांगता येईना, म्हणून तिनं भाकरीवर सांगितलं. "तिच्या जोडीचे पोट्टे अर्धी भाकर होईस्तोर बसतात. हे तिसऱ्या घासाले उठते. रोजच्या रोज, बाई. एक दिवस चुकला नाई." मग तिनं हरीओमचं सांगितलं, तो कसा आधी पाहतो आणि मग खोडी करतो, आणि आमू कशी पाहतच नाही. डॉक्टरीणबाईंनी मान वर केली.

"हे तुम्ही फार कामाचं सांगितलं, आजी."

"पन ते मुंगळ्यापाशी कशी बसते मंग?" मालाबाईनं विचारलं. ही गाठ तिच्या मनातून सुटत नव्हती. "तिथी बसता येते ना? म्हनूनच मी म्हनो, नाटक करते."

"आवडीच्या गोष्टीवर अशी लेकरं चिकटून बसतात. नावडीच्या गोष्टीवर लक्ष धरून ठेवणं त्यांच्या हातात नसतं. नाटक नाही ते." मग करुणाकडं वळून, "घरात आणखी कोणी असं आहे?"

त्या दिवसात करुणा पहिल्यांदा हसली. "तिचा बाप. उभ्यानं जेवते. ह्या साली चार मालक झाले."

डॉक्टरीणबाईंनी लगेच दुखण्याचं नाव सांगितलं नाही. एका भेटीत, या वयात, शिक्का मारत नसतात म्हणाल्या. लक्षण अतिचंचलपणाचं दिसतं, लक्ष न टिकण्याचं. पण आधी कान तपासायचे, डोळे तपासायचे, रक्त कमी आहे का पाहायचं. घर सोडून दुसऱ्या जागीही असंच होतं का हे महिनाभर बघायचं, म्हणून सकाळी अंगणवाडीत बसवायची, तिथल्या ताईला चिठ्ठी देते. एवढ्या लहानपणी गोळ्यांनी सुरुवात करत नाहीत, आधी मोठ्यांनीच वागायची रीत शिकायची. लांबून ओरडायचं नाही. जवळ जायचं, खांद्याला हात लावायचा, तोंडाकडं पाहायला लावायचं, आणि एका वेळी एकच काम सांगायचं. केलं की त्याच क्षणी शाबासकी. मारायचं नाही. "आणि आई, यात तुमची चूक नाही," दोघी उठल्या तेव्हा त्या म्हणाल्या. करुणानं ते ऐकलं की नाही कोण जाणे, कारण आमूनं तेवढ्यात टेबलावरचा शिक्का उचलून स्वतःच्या कपाळावर उमटवला होता.

दुसऱ्या दिवशी आटोत वैजयंतीनं निकाल सांगितला. तिनं टोळीला आधीच विचारलं होतं.

"राखण तुह्याकडंच राहीन. दुपारपर्यंत. अंगनवाडी सुटली की धम्मरत्न पोट्टीले गाडीवर आनून सोडन, तिची रीत तुले ठाऊक, तू तिले बसवून देजो. मंग सुगरा बसन धुऱ्यावर, तिची बी कंबर धरली हाय. तुही अर्धी पात तू निंदशीन."

"गुडघे, वैजू..."

"पोतं आंथर अन् बसून सरक. दोन दिवस लागू दे. गुडघ्यासाठी नाई म्हनत मी. सहादा खोटं बोलली, त्याच्यासाठी म्हन्तो. विहिरीत गेली असती त आमी पंधरा जनी कोनत्या तोंडानं करुनेपुढं उभ्या राह्यलो असतो?"

मालाबाईनं सीटखालचं रिकामं पोतं ओढून मांडीवर घेतलं.

दुपारी धम्मरत्ननं आमूला धुऱ्यावर उतरवलं, गाडी बंदही केली नाही. "अंगनवाडीत दोनदा पयाली," एवढं सांगून तो गेला. आमू उतरली तीच शेततळ्याकडं. हाक मालाबाईच्या ओठावर आली होती. ती गिळून ती लंगडत पाठोपाठ गेली, खांद्याला हात लावला, वाकून तोंड तोंडासमोर आणलं. "आमू. बाभयीपाशी चाल." पोरीनं पाहिलं. हात सोडवून पळाली. पुन्हा मागं जाणं, पुन्हा खांदा, पुन्हा तेच. चौथ्यांदा ती आली. "शाबास वो माय!" मालाबाई एवढ्या मोठ्यानं म्हणाली की झोपलेला हरीओम उठून बसला. तोवर आमू फडक्यावरून परत उठली होती.

सुगराबी पदरानं घाम पुसत आली.

"इले हाक मारू नको," मालाबाई तिला म्हणाली. "जवय जाजो. एकच सांगजो. अन् शेततळ्याच्या अंगाले तूच बसजो, पोट्ट्यायले ह्या अंगाले घे."

"हाव बाप्पा, हाव. जा आता. पंधरा वर्सं चार लेकरं काय तूच सांभायली माही?"

मालाबाई हळदीत शिरली. तिची अर्धी पात खुणेला दगड ठेवून आखली होती. पोतं अंथरून ती बसली, तेव्हा लेकरं पाठीमागं गेली. हेच तिला सोसेना. हात तणाला आणि कान धुऱ्यावर. मागं कोणी पळालं? तिनं मान वळवली. नऊ होती. हळदीची दोन ताटं पुढं सरकली, परत वळली. आठ. पुन्हा मोजलं. नववी सुगराबीच्या पाठीवर चढलेली.

"मालाबाई!" शेजारच्या पातेतून वैजयंती ओरडली. "तन खाली हाय. मांगं नाई."

"दिसून राह्यलं मले!"

तिनं खुरपं मातीत घातलं, केन्याच्या तणाची जुडी मुळासकट उपटली, माती झटकली, बाजूला टाकली आणि पोतं पुढं ओढलं.